केव्हा बघितलंस?

मी मूळची मिरजेची. आमच्याकडं पाणी म्हणजे कृष्णा. पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात उतरते, पण काहीही झालं तरी एकाच दिशेला वाहते. दिवसातून दोनदा येणारं आणि दोनदा जाणारं पाणी मी पहिल्यांदा नीट बघितलं ते प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर, १९९६ साली, मालवणला. तेव्हापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे किनारी कातळ, खाड्या आणि खाजणं हाच माझा विषय. आईला अजून वाटतं मी माशांवर संशोधन करते. मासे माझ्या वाट्याला फारसे आलेच नाहीत. दगडाला चिकटलेली, चिखलात घुसलेली, बघणाऱ्याला शेवाळ नाहीतर घाण वाटावी अशी जनावरं आली.

दरवर्षी नवी मुलं संशोधनाला येतात आणि "मॅडम, काही टिप्स?" म्हणून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते आहे. आकडे सवयीनं घातलेत. पहिला मुद्दा सातव्यापेक्षा मोठा असं काही नाही.

१. जीपमध्ये पंचांग ठेवा

पहिल्या फेरीसाठी मी मुद्दाम अमावास्या निवडली होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सगळ्यांत जास्त मागं हटतं, एरवी न दिसणारा कातळ उघडा पडतो, हे पुस्तकात वाचलेलं. ते खरंही आहे. नाष्टा करून, भाड्याच्या जीपमध्ये बादल्या, चौकटी, फॉर्मालिनच्या बाटल्या असा संसार भरून अकरा वाजता किनाऱ्यावर पोचले, तर समोर कातळ नावाची वस्तूच नव्हती. नुसतं पाणी, तेही माडांच्या मुळांपर्यंत.

कालवं काढणाऱ्या एक मावशी सावलीला बसून पानाला चुना लावत होत्या. त्यांनी माझा थाट बघितला आणि विचारलं, "खंय चललंस गो बाय? आता भरती." मी म्हटलं, अहो पण आज अमावास्या, पाणी खूप आत जायला हवं ना. त्या हसल्या. "जातला गो, सांजेक. तिथ कितवी? पंधरा. पाऊण पट कर."

ते गणित असं. तिथीची पाऊण पट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवा, की ओहोटी. तिथीगणिक भरती साधारण पाऊण तास पुढं सरकते, ती या पाऊण पटीतच धरलेली आहे. मुंबईपासून मालवणपर्यंत थोडं इकडंतिकडं होतं, पण ते माफ. मी विद्यापीठात दोन वर्षं काढून आले होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला उतरलं, सूर्य बुडायच्या बेतात असताना. जीपवाल्यानं थांबण्याचे पैसे वेगळे घेतले.

दुसरी गोष्ट नंतर कळली. ओहोटीची वेळ कळली म्हणजे ओहोटी कळली असं नाही. मुंबईला उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवणला त्याच्या निम्मं, आणि वर खंबातच्या आखातात भावनगरला दहा मीटरच्याही पुढं. उत्तरेकडं उथळ समुद्रतळ रुंद होत जातो, आणि आखाताचं तोंड तर नरसाळ्यासारखं आहे. त्यामुळं मुंबईत आखलेला कामाचा बेत मालवणला जसाच्या तसा लावता येत नाही. इथं खडकाची उघडी पट्टी अरुंद, आणि हातात वेळ जेमतेम दोन तास.

त्या दिवसाची माझी नोंद होती, "खालच्या खडकावर हिरवं शेवाळ भरपूर." माझ्या मार्गदर्शक सरांनी तिच्याखाली लाल शाईनं एकच शब्द लिहिला : "केव्हा?" तारीख, तिथी, वेळ, पाणी चढतं की उतरतं. पुढची पाच वर्षं मी तो शब्द इतक्यांदा वाचला, की आता तो माझ्याच हस्ताक्षरात माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत दिसतो.

२. चौकट पडेल तिथंच मोजा

आमचं मुख्य हत्यार म्हणजे अर्धा मीटर बाजूची एक चौकट. पीव्हीसीच्या नळ्या, आत दोरीची जाळी. ती कातळावर ठेवायची आणि आत जे दिसेल ते मोजायचं. कुठं ठेवायची ते आधीच घरी बसून चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. कारण किनाऱ्यावर गेल्यावर हात आपोआप चांगल्या जागेकडं वळतो. शेजारच्या डबक्यात समुद्रफूल उमललेलं असतं, रंगीत समुद्री गोगलगाय सरकत असते, आणि तुमची चौकट मात्र पडलेली असते कोरड्या, उघड्या, कंटाळवाण्या दगडावर. तिथं काहीच नाही? मग "शून्य" लिहा. रकाना रिकामा ठेवू नका. रिकामा रकाना म्हणजे बघितलं नाही, शून्य म्हणजे बघितलं आणि नव्हतं. हा फरक मी एका वर्षी पाळला नाही. त्या वर्षाच्या वहीतली चाळीसेक पानं आजही मला सांगू शकत नाहीत की तिथं काही नव्हतं, की मी तिथं गेलेच नव्हते.

आणि कंटाळवाणा दगड बहुधा कंटाळवाणा नसतोच. गुडघे टेकून, भिंग घेऊन बघा. अगदी वर, जिथं लाटेचे फक्त शिंतोडे पोचतात, तिथं भेगांत ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दाटीवाटीनं बसलेल्या असतात, तोंडाशी झाकण घट्ट लावून. त्यांच्याखाली बार्नॅकल, पांढरे, ज्वालामुखीच्या आकाराचे. त्यांच्याखाली कालवांचा धारदार पट्टा, ज्यावर माझ्या तीन चपला आणि एक पोटरी फाटली. मग झोअँथिडची मऊ चटई आणि सगळ्यांत खाली, क्वचितच उघडं पडणारं, तपकिरी सरगॅसम. वरच्या कडेला कोण राहील ते ऊन ठरवतं. खालच्या कडेला मात्र शेजारी आणि शिकारी ठरवतात. पाच मीटरच्या उतारावर हे सगळं जग बसलेलं असतं.

बार्नॅकल दिसतो शिंपल्यासारखा, पण आहे कोळंबीच्या गोतावळ्यातला. लहानपणी पोहत येतो, जागा पसंत पडली की डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेलं आयुष्य पाठीवर पडून पायांनी अन्न तोंडात ओढत काढतो. चार्ल्स डार्विन १८४६ पासून १८५४ पर्यंत, आठ वर्षं, याच जनावराच्या मागं होता. पीएच.डी. लांबली म्हणून रडणाऱ्या मुलांना मी हे सांगते. त्यानं कुणाचं समाधान झाल्याचं मात्र आठवत नाही.

३. झाडाला हात लावण्याआधी त्याचं नाव विचारा

खाडीतल्या पहिल्या कामाच्या वेळी मी एका चकचकीत पानांच्या झाडाची फांदी नमुन्यासाठी मोडली. पांढरा चीक आला. तो हात नकळत डोळ्याला लागला आणि पुढचा अर्धा दिवस मी होडीत डोळे मिटून, ओंजळीओंजळीनं गोडं पाणी मारत बसले. ते हुरा होतं. त्याच्या चिकानं कातडीला फोड येतात, काही काळ दिसेनासंही होतं. होडी वल्हवणारे मामा शांतपणे म्हणाले, "इचारलं असतंस तर सांगितलं असतं."

तेव्हापासून विचारते. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, मारांडी. यातली पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन-वृक्ष आहे. पुस्तकी नावं ओठावर असलेल्या मुलांना ही नावं शिकावी लागतात आणि ती पट्कन चिकटत नाहीत, कारण दोन खाड्या ओलांडल्या की नाव बदलतं. शिंपल्यांची तर बातच सोडा. मुंबईच्या बाजारातल्या तिसऱ्या, रत्नागिरीतले मुळे, गोव्याच्या सीमेवरच्या तिसऱ्यो हे सगळं एकच समजून एका मुलीनं तक्ता केला होता. त्यात निदान तीन जाती एकत्र झाल्या होत्या. नाव लिहिताना ते कुठल्या गावचं तेही लिहा.

४. चिखलाला वास येतो, येऊ द्या

पाऊल रुतलं की सडक्या अंड्यासारखा भपकारा येतो. नवी मुलं म्हणतात, केवढं प्रदूषण! दर वेळी प्रदूषण असतंच असं नाही. त्या चिखलात बोटभर खाली प्राणवायू संपतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. प्राणवायू नाही म्हणून पालापाचोळा कुजतो अगदी सावकाश आणि त्यातला कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो. कांदळवनं कार्बन साठवतात असं जे आपण वाचतो, त्यातला मोठा वाटा झाडांत नसतो, या वास मारणाऱ्या चिखलात असतो. तिवराची मुळं याच कारणानं पेन्सिली रोवल्यासारखी जमिनीतून वर डोकं काढतात. ती त्याची नाकं. त्यावरून चालू नका.

इथं माझी एक तक्रार नोंदवते. एका संस्थेनं (नाव कशाला?) आमच्या खाडीच्या तोंडाशी मोकळ्या चिखलावर काही हजार कांदळाची रोपं लावली. बॅनर, टोप्या, पाहुणे, सगळं झालं. कांदळाचं बी आईच्या अंगावरच रुजतं. हातभर लांब, हिरवी, शेंगेसारखी दिसणारी ती काठी म्हणजे तयार रोपच. चिखलात खोचलं की झालं, इतकं सोपं. त्यामुळंच फसगत होते. ही झाडं साधारण समुद्राच्या सरासरी पातळीच्या वरच्या पट्ट्यात जगतात, जिथं दिवसाचा बराचसा वेळ मुळांना हवा मिळते. ती जागा त्याच्या खाली होती. मी आदल्या महिन्यात तिथं उभी राहून पाणी किती तास चढलेलं असतं ते मोजलं होतं आणि तसं लेखी कळवलंही होतं. उत्तर आलं की कार्यक्रमाची तारीख ठरली आहे. पुढच्या वर्षी गेले तेव्हा काठ्या उभ्या होत्या, पण काळ्या पडलेल्या, आणि प्रत्येकीवर बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बार्नॅकल. मोकळ्या चिखलात टेकायला जागा नसते, त्यांची चंगळ झाली. तो मोकळा चिखलही मोकळा नव्हताच. तिथं निवट्या उड्या मारत होत्या, एक नांगी भली मोठी असलेले खेकडे ती हलवून माद्यांना बोलावत होते, आणि हिवाळ्यात लांबून आलेले पक्षी चोची खुपसून पोट भरत होते.

न्यायालयानं २००५ साली कांदळवनं तोडायला मनाई केली, २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष झाला. त्याचा उपयोग झाला हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. माझ्या वहीतल्या दोन खाड्यांत आज तिवर दाट आहे, आणि तो कुणी लावलेला नाही. पाण्याची वाट मोकळी राहिली, बी वाहत आलं, जागा पसंत पडली, रुजलं.

५. उपकरणाची खात्री रोज करा

क्षारता मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर म्हणून बोटभर दुर्बिणीसारखं उपकरण असतं. रोज सकाळी त्यावर शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवायचं असतं. ते शुद्ध पाणी संपलं म्हणून एका विद्यार्थ्यानं विहिरीचं पाणी वापरलं. विहीर किनाऱ्याजवळची, मचूळ. दोन महिन्यांच्या सगळ्या नोंदी खाली सरकल्या. किती सरकल्या तेही सांगता येईना, कारण विहिरीचं पाणी दर दिवशी वेगळं. फेकून दिल्या. तो मुलगा रडला, मीही चिडले. पण नंतर आठवलं की शुद्ध पाण्याची बाटली भरून द्यायचं काम माझं होतं.

६. पांढरं पोवळं मेलेलं असेलच असं नाही

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पोवळी आहेत हे मालवणला येणाऱ्या बऱ्याच लोकांना आता स्कूबावाल्यांमुळं ठाऊक झालं आहे. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरच्या थोडं वर. लक्षद्वीपसारखी झगमगीत पोवळी इथं मिळायची नाहीत. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडं पाणी डोक्यावरून जातं, ते सोसून टिकलेली ही चिवट जमात आहे.

पाणी फार तापलं की पोवळ्याच्या अंगात राहणारी एकपेशी शैवालं बाहेर पडतात आणि पांढरा सांगाडा आरपार दिसायला लागतो. १९९८, २०१० आणि २०१६ ही जगभर वाईट गेलेली वर्षं. पण पांढरं पडलेलं पोवळं अजून जिवंत असतं, उपाशी असतं इतकंच. पाणी वेळेत निवलं तर शैवालं परततात. म्हणून फोटो काढून "पोवळी मेली" अशी बातमी देणाऱ्याला मी विचारते : पुन्हा कधी गेला होतात? दीड-दोन महिन्यांनी त्याच पोवळ्यापाशी जाऊन बघायचं असतं. रंग आलेला असतो, नाहीतर हिरवट केसाळ शेवाळ चढलेलं असतं. तेव्हा ठरतं. आणि हो, फोटोसाठी त्याच्यावर उभं राहू नये, हे मी पाण्याखाली बोलता येत नसल्यामुळं दर वेळी हातवारे करून सांगते.

७. बाटलीचा तळ बघा

कातळ सोडून मी खोल समुद्रात फारशी गेले नाही. बोट लागते मला. पण एकदा, पाऊस ओसरल्यावर, गोव्याहून निघालेल्या संशोधन-नौकेवर दहा दिवस काढले, आणि अख्ख्या कारकिर्दीत बघितलेली सगळ्यांत विलक्षण गोष्ट मला तिथं अडीच इंची बाटलीत दिसली.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलरची पद्धत १८८८ ची आहे. तिच्याएवढी भरवशाची दुसरी मी वापरलेली नाही. बाटलीत काठोकाठ पाणी घ्यायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग दोन रसायनं तळाशी सोडायची. लगेच साका धरतो. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, गुळाच्या पाकासारखा. पहिल्या बाटल्या वरच्या थराच्या होत्या, छान तपकिरी. जसजसं खालचं पाणी येऊ लागलं, तसतसा रंग उतरला. फिक्का, आणखी फिक्का. तळाजवळचं पाणी आलं. रसायन सोडलं. साका पांढरा. दह्यासारखा पांढराशुभ्र. मला वाटलं रसायन चुकलं. शेजारच्या सहकाऱ्यानं बाटली हातात घेतली आणि मला पाण्याचा वास घ्यायला सांगितलं. तोच वास, आमच्या खाजणातला. मध्यरात्रीचे दोन वाजले होते, दूर किनाऱ्यावरचे दिवे दिसत होते, आणि आमच्या पायांखाली श्वास घेता न येणाऱ्या पाण्याचा थर पसरला होता.

हे होतं कसं? अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळपास नसलेला थर कायमचाच आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात असं खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ तळावर वर सरकतं. त्याच वेळी पाऊस आणि नद्या वर गोड्या, हलक्या पाण्याचं झाकण घालतात. वरची हवा खाली मिसळत नाही, खाली पडलेला जैव कचरा कुजताना उरलासुरला प्राणवायूही खातो. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते टोकाला जातं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं, की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे अधिक तीव्र होतंय आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. रेणूला रेणू मोजला तर तापमानवाढीत हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट जड. शेतात घातलेलं खत नद्यांतून कुठं जातं, तेही या गणितात येतं.

परत आल्यावर हे मी एका तांडेलांना उत्साहानं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, दसऱ्याच्या सुमाराला तळाची मासळी कडेला येते, कोळंबी उथळात मिळते, हे आमच्या बापजाद्यांना ठाऊक होतं. का येते ते मात्र ठाऊक नव्हतं. दोघांनीही आपापल्या वाट्याचं सांगितलं होतं. चहा त्यांनी पाजला.

८. आठवण ऐका, पण वही मागा

"पूर्वी मासळी काय होती!" हे वाक्य मी १९९६ मध्ये ऐकलं, तेव्हा बोलणाऱ्याला १९७० ची मासळी आठवत होती. आज ते वाक्य पस्तिशीतला मुलगा म्हणतो, त्याला २००५ ची आठवते. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणाला मूळ धरते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये याला नाव दिलं, पण गोष्ट कुठल्याही बंदरावरच्या पारावर ऐकायला मिळते.

माझं नशीब असं, की एका रापणीचा हिशेब मला बघायला मिळाला. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढायचं लांबच लांब जाळं. पंचवीस-तीस माणसं ओढतात आणि मिळकतीचे वाटे पडतात. वाटे पडतात म्हणून हिशेब असतो. लाल कापडी पुठ्ठ्याची वही, कोपरे तेलकट, एका पानात मेलेला झिंगा चपटा होऊन बसलेला. रोजची तारीख, तिथी, कुठं रापण घातली, बांगडा किती टोपल्या, पेडवे किती, तारली किती. "आज जाळं फाटलं" असंही. आणि कित्येक दिवसांपुढं स्वच्छ अक्षरात : "काय नाय." सरांची लाल शाई ज्यासाठी माझ्या मागं लागली होती, ते इथं चौथी शिकलेल्या माणसानं वर्षानुवर्षं केलं होतं, शून्यासकट.

त्या वहीतून मासळी घटल्याचं दिसतं. पण कुणामुळं घटली, हे वही सांगत नाही. पर्ससीनची जाळी आहेत, रात्री दिवे लावून करायची मासेमारी आहे (२०१७ मध्ये तिच्यावर बंदी आली, दिवे अजून दिसतात), पाण्याचं तापमान आहे, आणि तारलीसारखी मासळी माणसानं काही न करताही कित्येक वर्षं गायब होते आणि परत येते. रापणकरांच्या सभेत मी हे असंच सांगितलं तेव्हा लोक नाराज झाले. त्यांना एक नाव हवं होतं. त्यांचा राग मला खोटा वाटत नाही. तरी माझ्याजवळ जेवढं होतं तेवढंच मी दिलं.

९. कासवाचा बिल्ला

कासव हा माझा विषय नव्हे, पण वेळासला गेल्याशिवाय कोकणातल्या कुणाही संशोधकाला राहवत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं काम सुरू केलं, तेव्हा अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे मिळून संपवत होते. आज तिथं पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक मुलाबाळांना घेऊन जातात. २०२२ मध्ये पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, त्यांतल्या पहिलीचं नाव प्रथमा. काही महिन्यांत एकेकीचे संदेश बंद पडले.

आणि मग २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूचा छोटा बिल्ला सापडला. क्रमांक ०३२३३. तो २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. वर्गात मीही तसंच शिकवलं आहे. कुणीतरी रात्री वाळूत बसून बिल्ला ठोकला, क्रमांक आणि तारीख लिहून ठेवली, आणि जवळपास चार वर्षांनी कासव ती नोंद घेऊन दुसऱ्या किनाऱ्यावर आलं. मी वर्गातलं ते पान बदललं.

१०. अहवालाची तारीख वाचा

एका प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल माझ्याकडं मत द्यायला आला होता. जाडजूड, रंगीत नकाशे. किनाऱ्याच्या प्रकरणात एक वाक्य : सदर खडकाळ किनाऱ्यावर सर्वेक्षणाच्या वेळी उल्लेखनीय जीवसृष्टी आढळून आली नाही. त्या कातळावर मी स्वतः शंभराहून जास्त जाती मोजल्या होत्या. आधी संताप आला. मग वाटलं, हे वाक्य खोटं लिहिलेलं वाटत नाही, लिहिणाऱ्याला खरंच काही दिसलं नसावं. परिशिष्टात तारीख आणि वेळ होती. सकाळी साडेदहा ते साडेबारा. पंचांग काढलं. पौर्णिमा.

पंधराची पाऊण पट.

मी दोन ओळींचं पत्र लिहिलं : सर्वेक्षणाच्या वेळी हा किनारा पूर्ण भरतीच्या पाण्याखाली होता, कृपया त्याच दिवशीची सायंकाळची निरीक्षणं जोडावीत. उत्तर आलं नाही. सहा महिन्यांनी सुधारित अहवाल आला, त्यातून ते वाक्य गेलं होतं. त्याच्या जागी काहीच आलेलं नव्हतं. प्रकल्पाचं पुढं काय झालं ते इथं सांगण्यासारखं नाही, कारण अजून काही ठरलेलं नाही.

११. खिळ्यांपाशी परत जा

१९९७ मध्ये मी कातळात बारा जागी स्टीलचे खिळे ठोकले, म्हणजे दर वर्षी चौकट अगदी त्याच जागी बसावी. बारातले सात उरलेत. एक तौक्ते वादळात शिळेसकट गेला. दोन कुणीतरी उपटून नेले, चांगलं स्टील होतं. दोन दर पावसाळ्यानंतर वाळूखाली जातात. त्यांतला एक फेब्रुवारीत वर येतो, दुसरा दोन वर्षं झाली, दिसलेला नाही. मेला असं अजून लिहिलेलं नाही. रकान्यात "वाळू" लिहिते.

कालववाल्या मावशींना आता गुडघ्यांमुळं कातळावर उतरवत नाही. त्यांची नात उतरते. तिच्या मोबाइलवर भरती-ओहोटीचं ॲप आहे. मागच्या खेपेला तिनं सांगितलेली वेळ आणि आजीनं पेरांवर मोजलेली वेळ यांत वीस मिनिटांचा फरक पडला, आणि दोघी कातळाच्या कडेला बसून वाद घालत राहिल्या. पाणी ॲपच्या वेळेला उतरलं. आजी म्हणाल्या, वारो भायरचो होतो, म्हणान.

मी वाऱ्याचाही रकाना वाढवला आहे. येत्या पौर्णिमेला पुन्हा जायचं आहे, पहाटेच्या ओहोटीला. जीप चार वाजता निघेल. शुद्ध पाण्याची बाटली भरून ठेवली आहे.